साठीनंतरचे पिस्तूल

नेमबाजी म्हणजे राजेरजवाड्यांचा शौक, असे पुष्कळजणी म्हणतील. त्यांच्यासाठी ही हकीकत लिहिते.

उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहडी नावाचे गाव आहे. तेथील चंद्रो तोमर १९९९ साली नातीला रायफल क्लबात शिकायला घेऊन गेल्या. वय साठीच्या पुढे, डोक्यावर पदर. नातीला जमेना म्हणून त्यांनीच पिस्तूल उचलले, आणि नेम लागला!

या पिस्तुलात दारू नसते, हवेच्या दाबाने साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो. अंतर १० मीटर, आणि दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. धरायचे एकाच हाताने. दुसऱ्याचा आधार चालत नाही. म्हणून चंद्रोबाई रात्री घरची मंडळी निजल्यावर पाण्याने भरलेला जग हात लांब करून धरीत. मी तांब्या धरून पाहिला, मिनिटभरात खांदा भरून आला.

गावातले पुरुष चेष्टा करीत. पण त्यांच्या जाऊबाई प्रकाशीही शिकल्या आणि दोघींनी पुष्कळ पदके आणली. मग गावच्या मुलींना कोण अडविणार? प्रकाशीबाईंच्या सीमाने २०१० साली विश्वचषकात बंदुकीच्या नेमबाजीत रौप्यपदक मिळविले.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचे २०१८ च्या एशियाई खेळांतील पिस्तुलाचे सुवर्णपदक तर सर्वांना ठाऊकच आहे. नेमबाजीत ते मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री.

चंद्रोबाई २०२१ च्या एप्रिलअखेर करोनाने वारल्या.