बर्फावरील अपघात आणि विम्याचा दावा

काश्मीरमधील गुलमर्ग किंवा मनालीजवळील सोलंग खोऱ्यात हिवाळी सहलीला जाणाऱ्या पर्यटकांना बर्फावर धावणाऱ्या ‘स्नोमोबाइल’चे, म्हणजेच तेथे ‘स्नो स्कूटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहनाचे, मोठे आकर्षण असते. फेरी काही मिनिटांचीच असते. मात्र वाहन उलटून खांद्याचे वा पायाचे हाड मोडल्यास उपचार अनेक महिने चालतात. ‘साहसी खेळातील दुखापतीला विमा मिळत नाही’ या समजुतीमुळे अनेकदा दावाच दाखल केला जात नाही. ही समजूत सरसकट खरी नाही.

‘व्यावसायिक’ शब्दाचे महत्त्व

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने (इर्डाई) २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. बहुतेक पॉलिसींमध्ये आज तीच आढळते. त्यानुसार धोकादायक किंवा साहसी खेळांत ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेतल्याने कराव्या लागणाऱ्या उपचारांचा खर्च वगळण्यात येतो. तिकीट काढून फेरी मारणारा पर्यटक व्यावसायिक ठरत नाही. त्यामुळे केवळ या कलमावर बोट ठेवून दावा नाकारला गेल्यास त्याला हरकत घेता येते. नव्या पॉलिसीतील पहिल्या ३० दिवसांच्या प्रतीक्षेची अटही अपघाताला लागू नसते.

व्यक्तिगत अपघात विमा आणि प्रवास विमा यांच्या अटी मात्र कंपनीगणिक बदलतात. काही पॉलिसींमध्ये हौशी सहभागही वगळलेला असतो. सहलीस निघण्यापूर्वीच अपवादांचे पान वाचणे त्यासाठी आवश्यक ठरते.

कोणत्या पॉलिसीतून काय मिळते?

आरोग्य विम्यातून रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च मिळतो; परंतु त्यासाठी सामान्यतः किमान २४ तास दाखल असणे किंवा उपचार ‘डे-केअर’ प्रकारात मोडणे आवश्यक असते. बाह्यरुग्ण विभागात प्लास्टर घालून घरी पाठविलेल्या रुग्णाचा खर्च साधारण पॉलिसीतून मिळत नाही. व्यक्तिगत अपघात विम्यात मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी ठरलेली रक्कम देण्यात येते आणि ती आरोग्य विम्याच्या रकमेव्यतिरिक्त असते.

वाहनमालकाच्या विम्यावर विसंबणे धोक्याचे आहे. मोटार वाहन कायद्यातील व्याख्या रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनांची आहे. बर्फावर चालणारे वाहन तीत बसते की नाही, यावरच वाद उपस्थित होऊ शकतो.

पहिल्या दिवशीची कागदपत्रे

दाव्याचा पाया अपघाताच्या दिवशीच घातला जातो. रुग्णालयातील पहिल्या केसपेपरवर अपघात कोठे, केव्हा व कसा झाला, रुग्ण स्वतः वाहन चालवीत होता की मागे बसला होता, याची अचूक नोंद झाली पाहिजे. पुढे विमा कंपनी हाच कागद प्रथम पाहते. नंतर दिलेले निवेदन त्याच्याशी विसंगत ठरल्यास संशय निर्माण होतो. फेरीची पावती, वाहनाची व जागेची छायाचित्रे आणि सोबत्यांची नावे जपून ठेवावीत. गंभीर इजा असल्यास पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत घ्यावी. क्ष-किरण अहवालाबरोबर मूळ फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या, शिक्क्यासह बिले आणि ‘डिस्चार्ज समरी’ही लागते.

कंपनीला किंवा तिच्या टीपीएला शक्यतो २४ तासांच्या आत कळवून नोंदणी क्रमांक घ्यावा. कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा इर्डाईचा २०२४ चा दंडक आहे. डोंगराळ भागात कळविण्यास उशीर झाला, तर कारण लेखी द्यावे. केवळ विलंबाच्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे इर्डाईने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

घरी परतल्यानंतर मुंबई-पुण्यात होणाऱ्या पुढील उपचारांची बिले वेगळी ठेवावीत. रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च पॉलिसीत नमूद केलेल्या दिवसांपुरताच मिळतो.

दावा नाकारल्यास

नकार लेखी मागून घ्यावा आणि त्यात पॉलिसीतील नेमके कलम नमूद आहे का, हे पाहावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ‘बिमा भरोसा’ या इर्डाईच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क आकारले जात नाही, वकिलाची गरज नसते, ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. अपघात गुलमर्गला झाला म्हणून पुणेकर ग्राहकाला काश्मीरपर्यंत खेटे घालावे लागत नाहीत.