दोरू खोरे : मित्रमंडळीसह द्राक्षमळ्यांच्या डोंगरवाटांवर

उत्तर पोर्तुगालमधील दोरू नदीचे खोरे हा डोंगरउतारावर द्राक्षशेती होणारा जगातील एक जुना आणि नामवंत प्रदेश आहे. स्पेनमध्ये उगम पावणारी ही नदी सुमारे 900 किलोमीटर वाहत जाऊन पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागरास मिळते. गोव्यात घरोघरी परिचित असलेल्या ‘पोर्ट वाईन’चे मूळ स्थान हेच. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार मात्र याच खोऱ्यातील द्राक्षांपासून, ठरलेल्या पद्धतीने तयार झालेल्या वाईनलाच ‘पोर्ट’ हे नाव लावता येते.

सीमांकनाचा इतिहास

1703 च्या मेथुएन करारामुळे पोर्तुगीज वाईनला इंग्लंडची बाजारपेठ सवलतीच्या जकातीत खुली झाली. मागणी वाढताच भेसळही वाढली. तिला आळा घालण्यासाठी पंतप्रधान मार्केस द पोंबाल यांनी 1756 मध्ये एका कंपनीची स्थापना करून या प्रदेशाची हद्द आखून घेतली. हद्दीवर पुढे ग्रॅनाइटचे 335 स्तंभ उभारले गेले. त्यांपैकी काही आजही पाहावयास मिळतात. 1759 मध्ये गोव्यासह साऱ्या पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांची हकालपट्टी करणारे पोंबाल ते हेच.

जमीन आणि श्रम

पश्चिमेकडील मारांव पर्वत समुद्रावरून येणारा पाऊस अडवतो. त्यामुळे खोऱ्यात उन्हाळा कडक असतो. जमीन शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकाची आहे. खडक फोडून, दगडांचे कोरडे गडगे रचून पायऱ्यापायऱ्यांची शेती तयार करण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले. तेव्हा ओसाड पडलेल्या पायऱ्या आजही झुडपांखाली दिसतात. 2001 मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

तोडणी प्रामुख्याने सप्टेंबरमध्ये होते. चढ इतके तीव्र आहेत की बहुतेक ठिकाणी यंत्र चालत नाही. द्राक्षे हातानेच तोडावी लागतात. काही मळ्यांत आजही दगडी हौदांत द्राक्षे पायांनी तुडवली जातात. रस अर्धवट आंबला असता त्यात सुमारे 77 टक्के मद्यार्काचे द्राक्षमद्य मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबून साखर शिल्लक राहते. तयार पोर्टमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण 19 ते 22 टक्के असते.

प्रवासाचे मार्ग

पोर्तोहून पोसिन्युपर्यंत जाणारा लोहमार्ग हा गटाने फिरण्यास सर्वांत सोयीचा. जाताना उजव्या बाजूची आसने घ्यावीत. नदी त्याच बाजूस असते. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर 1937 मध्ये बसवलेल्या निळ्या फरशांवर द्राक्षतोडणीची दृश्ये आहेत. पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील फरशा पाहिलेल्यांना ही कला ओळखीची वाटेल. पोसिन्युच्या पुढे कोआ खोऱ्यात अश्मयुगीन कोरीव चित्रे आहेत. तेथील धरणाचे काम ती वाचवण्यासाठीच थांबवण्यात आले.

जलमार्गही खुला आहे. पोर्तुगालच्या अंतर्भागातून वाहणाऱ्या दोरूवर पाच धरणे असून त्यांच्या जलपाशांतून पर्यटक नौका चढत-उतरत जातात. धरणांपूर्वी नदी धोकादायक होती. खोऱ्याचा नकाशा तयार करणारे व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर यांना 1861 मध्ये तिच्याच प्रवाहात जलसमाधी मिळाली. पूर्वी पिंपे वाहणाऱ्या राबेलु नौकांची शर्यत आता 24 जूनला, म्हणजे गोव्यात सांजांव असतो त्याच दिवशी, पोर्तोत होते.

वाहन कोणी चालवावे?

रेगुआ ते पिन्यांव हा एन-222 रस्ता नयनरम्य असला तरी वळणांचा आहे, आणि मळ्यांकडे चढणारे फाटे अरुंद आहेत. पोर्तुगालमध्ये चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा प्रतिलिटर 0.5 ग्रॅम, तर परवाना नवा असलेल्यांसाठी 0.2 ग्रॅम आहे. एका मळ्यात तीन-चार प्रकारच्या पोर्टची चव घेतली तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. म्हणून त्या दिवशी चव न घेणारा चालक मित्रांनी निघण्यापूर्वीच ठरवावा, अथवा रेल्वे किंवा टॅक्सीचा आधार घ्यावा. चव घेऊन वाईन थुंकून टाकण्यासाठी मळ्यांत भांडे ठेवलेले असते. त्याचा वापर तेथे असभ्य मानला जात नाही.

शेतकऱ्यांपुढील पेच

किती रसाचे पोर्ट करता येईल, याची मर्यादा दरवर्षी ठरते आणि ती मळ्यांच्या प्रतवारीनुसार वाटली जाते. उरलेली द्राक्षे साध्या वाईनसाठी बहुधा कमी दराने जातात. पोर्टची मागणी घटल्याने अलीकडे ही मर्यादा खाली आली आहे. त्यातच मजुरांची टंचाई आणि वाढते तापमान यांची भर पडली. गडगा ढासळला की तो पुन्हा रचण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला परवडत नाही. मोठ्या नाममुद्रांच्या दालनांबरोबर एखाद्या कौटुंबिक मळ्यालाही पूर्वकल्पना देऊन भेट द्यावी आणि खरेदी तेथेच करावी. त्या पैशांचा मोठा वाटा गडगे राखणाऱ्यांच्या हाती पडतो.