दांडिया रास
दांडिया रास हा मूळचा गुजरातमधील, टिपऱ्यांनी खेळला जाणारा समूहनृत्यप्रकार आहे. नवरात्रात तो उलव्यासारख्या नवी मुंबईतील वसाहतींमध्येही खेळला जातो. यात समोरासमोर दोन ओळी असतात. ठरलेले ठोके झाले की प्रत्येक जण एक जागा पुढे सरकतो व त्यास नवा जोडीदार मिळतो. टोकाचा नर्तक वळून समोरच्या ओळीत जातो. त्यामुळे एकट्याने आलेल्यासही सहभागी होता येते. मात्र एक जण थांबल्यास संपूर्ण ओळ अडते. नवख्याची खरी अडचण पावलांपेक्षा हीच असते. ठोका चुकल्यास तो सोडून पुढे सरकणे योग्य. टिपरी समोरच्या टिपरीच्या वरच्या भागावर हलकेच टेकवतात. मुठीजवळ मारल्यास बोटांना इजा होते. ध्वनिक्षेपक एरवी रात्री १० वाजता बंद करावे लागतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राज्य शासन वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.