मरणाच्या चालीची कुळकथा

उंच, सरळसोट झाडांचं रान. संगिनी लावलेल्या बंदुका पुढे धरून अमेरिकन सैनिकांची फळी त्या झाडांमधून चालत येते. धावपळ नाही, आरोळ्या नाहीत. एक जण कोसळतो, थोड्या वेळाने दुसरा. बाकीचे त्याच गतीने पुढे येत राहतात. पडलेल्याकडे वळून बघायलाही कुणी थांबत नाही. 'द बिग परेड' या १९२५ सालच्या मूकपटातला हा प्रसंग बघताना गोळीपेक्षा त्या चालीचीच धास्ती वाटते. आणि या चालीला रीतसर कुळ आहे.

सिनेमातलं युद्ध पहिलं महायुद्ध, पण दिग्दर्शक किंग व्हिडोर स्वतः लढाईवर गेलेला नव्हता. आठवडाभर चालून विसरले जाणारे सिनेमे करायचा त्याला कंटाळा आला होता. एमजीएम स्टुडिओचा कारभार बघणाऱ्या आयर्विंग थॉलबर्गला त्याने सांगितलं, मला युद्ध, गहू किंवा पोलाद यांपैकी एखाद्या विषयावर टिकेल असं काम करायचंय. त्यातून युद्ध पुढे आलं. कथेसाठी लॉरेन्स स्टॉलिंग्ज आला. तो १९१८च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या बेलो वूडच्या लढाईत जखमी झाला होता आणि पुढे त्याचा पाय कापावा लागला होता. सिनेमाचा नायक जिम शेवटी एका पायाने घरी परततो, ते उगाच नाही.

पण स्टॉलिंग्जने आणलं ते युद्ध. चाल मिळाली दुसरीकडे. अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरने रणभूमीवर टिपलेली रिळंच्या रिळं व्हिडोर बघत बसला होता. त्यात एक अंत्ययात्रा आली. शवपेटीमागून सैनिकांची तुकडी चाललेली. चित्र मुकं, तरी त्या पावलांच्या संथपणातूनच इथे कुणीतरी गेलंय हे कळत होतं. पेटी दिसली नसती तरी कळलं असतं. व्हिडोरने मेट्रोनोम मागवला, प्रोजेक्शनच्या खोलीत नेला आणि त्या पावलांशी ठोका जुळेपर्यंत त्याचं वजन खालीवर सरकवत राहिला.

मेट्रोनोम म्हणजे उलटा लोलक. दांडीवरचं वजन वर नेलं की ठोका सावकाश, खाली आणलं की जलद. त्याची मूळ कल्पना ॲमस्टरडॅमच्या विंकेलची, पण १८१५ साली त्याचं पेटंट मेल्त्सेलने घेतलं. पियानोच्या विद्यार्थ्याची लय सुटू नये म्हणून जे यंत्र शंभर वर्षं टिकटिकत आलं, ते इथे मरणाची गती मोजायला बसलं.

मूकपटांच्या सेटवर तशी वाजंत्री नवी नव्हती. नटीला रडू यावं म्हणून व्हायोलिनवाला कोपऱ्यात उभा असायचाच. ते संगीत भाव जागा करायला होतं. पाऊल कधी पडावं हे ते सांगत नसे. व्हिडोरने नेमकं तेच सांगायचं ठरवलं, आणि माझ्या मते त्याची खरी झेप हीच. रान म्हणून लॉस एंजेलिसचं ग्रिफिथ पार्क घेतलं. मेट्रोनोमची टिकटिक तिथल्या उघड्यावर कुठे पोचणार? म्हणून मेट्रोनोमकडे बघत एक जण मोठा ढोल वाजवू लागला. प्रत्येक पाऊल ठोक्यावर, मान वळायची ती ठोक्यावर, गोळी लागून पडायचं तेही ठोक्यावर. एका ब्रिटिश माजी सैनिकाने वैतागून विचारलं, हा काय बॅले चाललाय का? बॅलेच होता, मरणाचा. व्हिडोर या तंत्राला मूक संगीत म्हणत असे.

त्या संगीताचा शेवटचा टप्पा थिएटरात पुरा होई. लॉस एंजेलिसच्या इजिप्शियन थिएटरात पुऱ्या वाद्यवृंदाची साथ असे. हा प्रसंग आला की सगळी वाद्यं थांबत आणि एकटा ढोल पडद्यावरच्या पावलांबरोबर वाजत राही. न्यूयॉर्कलाही तसंच. बंद थिएटरात, इतर सगळे सूर गेल्यावर उरलेला तो एक ठोका छातीत बसत असणार. बोलपट आल्यावर पडद्यातूनच स्फोट ऐकू येऊ लागले, पण आवाज काढून घेऊन घाबरवण्याची ही ताकद फार थोड्यांना साधली.

चाल एवढी भिडते, कारण तिच्याआधी सिनेमाने आपल्याला दुसऱ्या लयीत गुंतवलेलं असतं. जिम फ्रेंच खेड्यातल्या मेलिसांदला च्युइंगगम कसं खायचं ते शिकवतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही; ती गम ताणून बघते आणि शेवटी गिळून टाकते. हा प्रसंग आयत्या वेळी सुचलेला. जॉन गिल्बर्ट आणि रेने अदोरे यांनी तो इतक्या निवांतपणे केलाय की कॅमेरा विसरायला होतं. मग एकदम निघायचा हुकूम येतो. ट्रक, घोडे, माणसं, सगळा लोंढा. मेलिसांद त्या गर्दीत जिमला शोधते, त्याच्या पायाला बिलगते, ट्रकच्या साखळीला धरून फरफटत जाते. तो तिच्याकडे घड्याळ फेकतो, बूट फेकतो. ट्रक निघून जातात, आणि ती रस्त्यात बूट छातीशी धरून बसते. इथे सगळी घाई आहे. रानात घाईचा मागमूस नाही. या दोन गती एकमेकींना लागून ठेवणं हा दिग्दर्शकाचा हिशेब आहे.

मेट्रोनोमचं एक भावकीतलं घराणं १९२८ साली डिस्नेच्या स्टुडिओत उभं राहिलं. 'स्टीमबोट विली' करताना विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोमच्या साहाय्याने ताल आणि चित्रांच्या चौकटी यांचा मेळ घातला. ते थेट व्हिडोरकडून आलं असं मी म्हणणार नाही. गरज मात्र सख्खी होती.

थेट वारस व्हिडोरने स्वतःच दिला, गव्हाच्या, म्हणजे शेतीच्या, विषयाकडे वळल्यावर. १९३४ सालच्या 'अवर डेली ब्रेड'मध्ये मंदीने बेकार झालेली माणसं एकत्र शेती करतात, आणि दुष्काळात करपणाऱ्या मक्याला पाणी आणायला चर खणतात. बोलपटाचा जमाना होता, तरी या प्रसंगापुरता त्याने आवाजाचा सरंजाम बाजूला ठेवला आणि पुन्हा मेट्रोनोम आणि ढोल आणला. एका मात्रेवर कुदळी खाली, पुढच्या मात्रेवर माती बाजूला. रानातले सैनिक चालले तशाच शिस्तीत ही रांग पुढे सरकते, फक्त ठोका हळूहळू वाढत जातो, आणि पाणी शेतात शिरतं तेव्हा माणसं तो ठोका सोडून चिखलात लोळण घेतात.