राब

राब : भात, नाचणी, वरई इ. पिकांची रोपे वाढविण्यासाठी जमीन भाजून तयार करण्याची पश्चिम महाराष्ट्रातील जुनी पद्धती. भाजलेल्या जागेसही राब म्हणतात. काही भागांत तिला ‘दाढ’ असे नाव आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा सह्याद्रीलगतचा, मुख्यत्वे महादेव कोळ्यांची वस्ती असलेला पश्चिम भाग हे या पद्धतीचे एक क्षेत्र होय. येथे पाऊस भरपूर. परंतु डोंगरउतारावरील जमीन पातळ थराची असते. म्हणून थोड्या जागेत जोमदार रोपे वाढवून त्यांची खाचरात आवणी (पुनर्लागण) करतात.

उन्हाळ्यात निवडलेल्या जागेवर शेण, झाडांच्या बारीक फांद्या, पाला व गवत यांचे थर पसरतात. त्यांवर बारीक मातीचा पातळ थर देतात, त्यामुळे जाळ भडकत नाही व आच सावकाश जमिनीत उतरते. पावसाच्या प्रारंभी या राखमिश्रित, भुसभुशीत मातीत बी पेरतात.

राबासाठी लागणारा पाला रानातून येत असल्याने ही पद्धती एकोणिसाव्या शतकात वादाचा विषय झाली. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव वनांत फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. राब म्हणजे वृक्षांची नासाडी व अडाणी रूढी, असे अनेक वनाधिकाऱ्यांचे मत होते. रोपेच न झाल्यास खाचरे पडीक राहतील, अशी शेतकऱ्यांची भीती होती. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमण्यात आला. व्होल्कर यांनी भारतीय शेतीसुधारणेवरील आपल्या अहवालातही (१८९३) राबाची चर्चा केली.

वादाचा शास्त्रीय उलगडा पुण्यात झाला. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी न. वि. जोशी व न. वि. कानिटकर यांच्यासह केलेले संशोधन १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नसून मुख्यत्वे जमीन तापण्यात आहे, असे त्यातून दिसून आले. उष्णतेने तणांचे बी मरते, मातीतील सूक्ष्मजीवांत बदल होतो आणि पोषकद्रव्ये रोपांना सुलभपणे मिळतात. शेतकऱ्यांचा आग्रह निराधार नव्हता, हे यावरून सिद्ध झाले. तथापि थोड्या जागेसाठी विस्तृत रानाचा पाला खर्ची पडतो व सेंद्रिय द्रव्य जळून जाते, हा दोष उरतोच. म्हणून पुढे कृषी खात्याने गादीवाफे, कुजलेले शेणखत व भाताच्या तुसाची काळी राख यांचा पुरस्कार केला.

या तालुक्यांच्या पूर्व भागात कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांमुळे बागायत वाढली. नारायणगाव परिसरात टोमॅटोची रोपे प्लॅस्टिकच्या तबकांत, निर्जंतुक केलेल्या नारळाच्या भुश्शात वाढवितात. माध्यम बदलले, तरी बी पडण्यापूर्वी ते तण व रोग यांपासून मुक्त आणि भुसभुशीत असावे, हे राबामागील तत्त्व येथेही कायम आहे.