खून वाड्यात झाला, तपास कोणी करायचा?

विंडसरच्या राजवाड्यात मेजवानी होते. राणी एलिझाबेथ नव्वदीला टेकलेली आहे, तरी पाहुण्यांतल्या एका तरुण रशियन पियानोवादकासोबत चार पावलं नाचते. दुसऱ्या दिवशी तो आपल्या खोलीत मेलेला सापडतो. गुप्तचर खात्यातले साहेब लोक पुतिनचे हेर शोधायला लागतात. राणीला ते पटत नाही, पण ती वाद घालत बसत नाही. आपल्या सहायक सचिव रोझीला ती गुपचूप दोन-चार ठिकाणी पाठवते, धागे जुळवते आणि शेवटी अशी गोष्ट घडवून आणते की साहेबांना वाटावं, खुनी आम्हीच पकडला.

ही एस. जे. बेनेट यांची ‘द विंडसर नॉट’, २०२० साली आलेली. असल्या पुस्तकांना ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. चहा मात्र भरपूर असतो. तपास करणारा हौशी असतो, संशयित मोजकेच, आणि शेवटच्या पानावर सगळं परत जागच्या जागी येतं. राजघराण्यातला हौशी डिटेक्टिव्ह हा त्यातला एक लाडका प्रकार. पीटर लव्हसी यांनी १९८७ पासून व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला, म्हणजे युवराज बर्टीला, डिटेक्टिव्ह केलं. ऱ्हिस बोवेन यांची लेडी जॉर्जियाना २००७ पासून खून सोडवतेय. गादीच्या रांगेत तिचा नंबर चौतिसावा!

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यांच्यापैकी कोणाच्याच हातात सत्ता नाही. एलिझाबेथ कोणाला अटक करू शकत नाही. बर्टी आईच्या मरणाची वाट पाहत बसलेला. जॉर्जियानाकडे तर पैसेही नाहीत. हुकूम चालत नाही म्हणून डोकं चालवावं लागतं. वाचायला मजा येते ती त्याचीच.

आता उलटं करून बघा. राजाच्या हातात खरी सत्ता असेल तर काय होतं? ‘अरेबियन नाइट्स’मध्ये तीन सफरचंदांची गोष्ट आहे. (हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे मराठीत आला.) नदीतून एक पेटी निघते, आत एका बाईच्या शरीराचे तुकडे. खलिफा हारून अल् रशीद वजिराला सांगतो, तीन दिवसांत खुनी आण, नाहीतर तुलाच फाशी देतो. वजीर तीन दिवस घरात बसून राहतो. खुनी स्वतःहून पुढे येतो म्हणून वजीर वाचतो. ज्याच्या हातात फाशीचा दोर आहे त्याला पुरावा शोधायची गरजच पडत नाही. त्याने नुसतं नाव मागायचं, आणि भ्यायलेल्या माणसांनी कुठलं तरी नाव आणून द्यायचं.

आपल्या इतिहासात हे प्रत्यक्ष घडलंय का? घडलंय, आणि दोनदा. दोन्ही जागांना जोडणारा एक रस्ताही आहे. महाडहून भोरला जाताना वरंध गाव लागतं आणि तिथून पुढे घाट सुरू होतो. वर कावळ्या किल्ला, खाली शिवथरचं खोरं. घाटाखाली महाड तालुक्यातच रायगड आहे. घाट चढून भोरमार्गे गेलं की पुणं, शनिवारवाडा. राजघराण्यातल्या मृत्यूंची दोन गाजलेली प्रकरणं या रस्त्याच्या दोन टोकांना घडली.

रायगड : राजा स्वतः तपास करतो तेव्हा

३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज रायगडावर वारले. सभासदाची बखर ज्वर सांगते. मुंबईच्या इंग्रजांनी त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात रक्ती आव आणि बारा दिवसांचं आजारपण आहे. पण आजारपण हे उत्तर लोकांना कधी पुरतं का? थोड्याच काळात विषाची कुजबुज सुरू झाली आणि बोट गेलं सोयराबाईंकडे.

कादंबरीच्या हिशेबाने संशय पक्का बसतो. सोयराबाई गडावर होत्या, मुलगा राजाराम दहा वर्षांचा, आणि थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर. २१ एप्रिलला काही मंत्र्यांच्या साथीने राजारामांना मंचकावर बसवण्यातही आलं. हेतू आहे, संधी आहे, फायदा आहे. फक्त पुरावा नाही. गादीसाठी घाई केली एवढं सिद्ध होतं. तेवढ्यावरून विष घातलं असं म्हणता येत नाही. सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरसेनापती हंबीरराव मोहिते, यांनी तर संभाजीराजांची बाजू घेतली.

ज्यांना राग यायला सगळ्यात जास्त कारण होतं ते संभाजीराजे काय म्हणतात? ऑगस्ट १६८० मध्ये त्यांनी बाकरे घराण्याला संस्कृत दानपत्र दिलं. वडिलांना जाऊन चार-साडेचार महिने झाले होते. त्यात सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं ते सांगतात आणि बिघाडाचा दोष मंत्र्यांवर ठेवतात. ज्याचे वडील गेले आणि ज्याची गादी जात होती, तोच माणूस सोयराबाईंना खुनी म्हणत नाही. तिला खुनी ठरवलं ते नंतरच्यांनी.

पण गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी १६८१ मध्ये संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला, जुन्या मंत्र्यांना पुन्हा जागा मिळाल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर विषप्रयोगाचा कट उघडकीला आला. मुंबईकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात त्याची बातमी आहे. माशांच्या पदार्थात विष घातलं होतं, एका लहान मुलाने वेळेवर सांगितलं, मग तो पदार्थ एका नोकराला आणि एका कुत्र्याला खायला घातला आणि काही तासांत दोघेही मेले. बातमी ऐकीव आहे, तिचे सगळे तपशील खरे असतीलच असं नाही. पण त्या काळात तपास कसा होत असेल याची कल्पना त्यातून येते.

ही रीत जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाचं अन्न आधी अग्नीला आणि पक्ष्यांना द्यावं असं सांगितलंय. अचानक मेलेल्या माणसाचं प्रेत कसं तपासायचं, गळा दाबला की विष दिलं हे कशावरून ओळखायचं, यावर एक अख्खा अध्याय आहे. म्हणजे तपासाचं ज्ञान आपल्याकडे होतं. पण इथे पक्ष्याच्या जागी माणूस आला, आणि त्या नोकराचं नाव त्या बातमीत नाही.

पुढे औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर, जो तेव्हा पालीच्या बाजूला आश्रयाला होता, त्याला कटवाल्यांनी पत्र लिहिलं. त्याने ते संभाजीराजांकडे पोचवलं, असं मानलं जातं. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना मृत्युदंड मिळाला. ऑक्टोबरमध्ये सोयराबाईही गेल्या.

चोवीस वर्षांचे राजे इथे एकाच वेळी चार भूमिकांत आहेत. ज्याला मारायचं होतं तो तेच, फिर्यादी तेच, तपास करणारे तेच आणि निकाल देणारेही तेच. जिवावर उठलेला कट आणि दाराशी मोगल, अशा वेळी त्यांनी थांबून साक्षीपुरावे करत बसावं अशी अपेक्षा आपण आज बसून करू नये. पण त्याची किंमत दिसते. बाळाजी आवजींचा मुलगा खंडो बल्लाळ याला नंतर राजांनीच चिटणिशीत घेतलं आणि तो पुढे जन्मभर स्वराज्याशी इमान राखून राहिला. ज्या घरातला कर्ता कटवाला म्हणून मारला, त्याच घराच्या हातात दौलतीची पत्रं दिली. मग बाळाजी खरंच कटात होते का? या प्रश्नावर निवाडा देऊ शकेल असं राजाहून वेगळं कोणीच तेव्हा नव्हतं.

आणखी एक गंमत बघा. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती येते मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून. ही बखर घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली, आणि लेखक कोण? बाळाजी आवजींचे वंशज. महाराजांच्या मृत्यूनंतर सोयराबाई दीड वर्ष जिवंत होत्या हे आता कागदांवरून स्पष्ट आहे. तरीही ती भिंत लोकांच्या डोक्यातून काही पडत नाही.

पुणं : राजाच संशयित असतो तेव्हा

आता घाट चढून वर या. साल १७७३. नारायणराव पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा. काका रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत. ३० ऑगस्टला भर दुपारी पगार थकलेले गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसुफ हे त्यांचे म्होरके, आणि आतला माणूस तुळाजी पवार. नारायणराव धावत काकाकडे गेला. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आपल्याला शाळेपासून माहीत आहे. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासोबत मारला गेला. वाड्यातली आणखीही माणसं मेली, दासीसुद्धा. कोझी कादंबरीत नोकर-चाकर किल्ल्यांचे जुडगे आणि महत्त्वाचे धागे पुरवतात. आपल्या वाड्यात ते मरतात.

आणि दुसऱ्या दिवसापासून पेशवाईची सूत्रं कोणाकडे? काकाकडे.

इथे खरा डिटेक्टिव्ह येतो. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे न्यायाधीश, म्हणजे पगारी माणूस. मालकच संशयित, आणि चौकशी करायची नोकराने. त्यांनी काही आठवडे माहिती काढली. पन्नासच्या आसपास माणसं यात गुंतलेली निघाली. नुसते गारदी नव्हते, कारकून होते, खिजमतगार होते, मध्यस्थ होते. मग रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, आणि पुणं सोडून गेले.

एवढ्यात निकाल लागला का? नाही. त्यांच्याकडे फौज नव्हती. पुढे बारभाईंनी रघुनाथरावाला दूर केलं, नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेलं आणि तिथे एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेला, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, आणि एका खुनाच्या पाठोपाठ मराठे-इंग्रज युद्ध आलं ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत. हाताला लागलेल्या मारेकऱ्यांना शिक्षा झाल्या. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावला आपल्या मरणाने मेला.

‘ध’चा ‘मा’

एवढा मोठा कट, पन्नासेक माणसं, थकलेला पगार, भाऊबंदकी, फुटलेले पहारे. आणि यातलं आपल्या लक्षात काय राहिलं? एक अक्षर. रघुनाथरावाने गारद्यांना ‘धरावे’ असं लिहून दिलं होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केलं. हा आता वाक्प्रचारच झालाय. ग्रँट डफच्या इतिहासातही ही हकीकत आहे. पण खाडाखोड नेमकी कोणी केली हे ठरवायला तो कागद आज कोणाला समोर ठेवता येत नाही.

विचार करा, ही कल्पना किती ‘कोझी’ आहे! एक कागद, एक शाईचा फटकारा, एक गुन्हेगार. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात शोभेल असा धागा. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या आणि त्यांना कटाची कल्पना असू शकेल, हे शक्य आहे. पण घटकाभर धरून चालू की अक्षर त्यांनीच बदललं. तरी पुतण्याला सशस्त्र माणसांकडून पकडायचा हुकूम कोणाचा होता? गारद्यांना पैसे कबूल कोणी केले? पहारे कोणी फोडले? ‘ध’चा ‘मा’ म्हटलं की हे सगळे प्रश्न वाड्याबाहेर उभे राहतात. रघुनाथराव बिचारा बायकोच्या हातातलं बाहुलं होतो आणि पन्नासांतले बाकीचे सुटतात.

रायगडावर सोयराबाई, पुण्यात आनंदीबाई. दोन्ही ठिकाणी सत्तेसाठी पुरुषांची टोळकी भांडत होती, आणि लोकांच्या आठवणीतला खटला बाईवर चालला. पहिल्या प्रकरणात तर फिर्याद करू शकणाऱ्या माणसाने स्वतः लिहून दिलं होतं की तिचं मन निर्मळ आहे. तेही कामाला आलं नाही.

परत महाडला

या गोष्टीचा शेवट घाटाखालीच होतो. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून गेला. अपघात की आत्महत्या, यावर आजही वाद आहे. गादीची ओढाताण सुरू झाली आणि नाना फडणीस पुण्यातून निसटून महाडला येऊन बसले. तिथून त्यांनी १७९६ मध्ये निजाम, भोसले, इंग्रज अशा सगळ्यांशी संधान बांधलं. इतिहासात याला ‘महाडचं कारस्थान’ म्हणतात. त्यातून गादीवर कोण आला? दुसरा बाजीराव, रघुनाथराव आणि आनंदीबाईंचा मुलगा. बारभाईंतले नाना, ज्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी खुनाच्या संशयावरून काकाला हटवलं, त्यांनीच त्याच्या मुलाला पेशवा केलं. राजकारणाला ते सोयीचं होतं.

म्हणून आपल्याकडे राजघराण्यातला गोड डिटेक्टिव्ह जमत नाही. १६८१ मध्ये तपास राजाने केला आणि त्याचा निवाडा तपासायला वर कोणी नव्हतं. १७७३ मध्ये तपास एका न्यायाधीशाने केला आणि तो अमलात आणायला त्याच्या हातात काही नव्हतं. खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ नाटक लिहिलं, प्रभातने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला. दोन्हींत लोकांनी रामशास्त्र्यांना डोक्यावर घेतलं, यात नवल नाही. परक्या सत्तेखाली जगणाऱ्यांना सत्तेला तोंडावर दोषी म्हणणारा माणूस हवाच होता. पण घरी जाऊन म्हण मात्र आनंदीबाईंचीच वापरली.

पुढच्या वेळी एखाद्या रीलमध्ये कोणी तीस सेकंदांत सांगेल की अमुक राणीने विष घातलं किंवा तमुक बाईने अक्षर बदललं, तेव्हा रामशास्त्र्यांचे प्रश्न विचारून बघा. माणसं किती होती, पैसे कोणी दिले, फायदा कोणाला झाला? आणि ही गोष्ट पहिल्यांदा कोणी लिहिली, किती वर्षांनी? उत्तर बहुतेक वेळा एका नावात मावत नाही.