सेल्युलॉइडचा चेंडू

टेबल टेनिसचा जुना चेंडू पायाखालीं चिरडला म्हणजे त्यांतून कापराचा वास येत असे. ज्यांच्या घरीं जेवणाच्या टेबलावर जाळें बांधून हा खेळ चाले, त्यांना तो वास अजून आठवत असेल. देवघरांतला कापूर चेंडूंत कसा शिरला? श्रोतेहो, त्याचा माग काढीत गेलें, तर वाट अमेरिकेंतील एका मुद्रकाच्या खोलींतून जाते आणि हत्तीच्या सुळ्यापाशीं येऊन थांबते.

त्या काळीं बिलियर्ड्सचा चेंडू हस्तिदंताचा असे. सुळ्याच्या गाभ्यांतून एक बारीक नाडी जाते. ती चेंडूच्या बरोबर मध्यांतून गेली तरच चेंडू सरळ धांवणार, एरव्हीं तो एका अंगास कलणार. म्हणून एका सुळ्यांतून चारपांचच उत्तम चेंडू निघत. तेहि दमट हवेंत फुगत व कोरड्या हवेंत आकसत; शिवाय हें आकसणें सर्व बाजूंनीं सारखें नसे. गोल म्हणून विकत घेतलेला चेंडू चार महिन्यांनीं गोल राहीलच अशी खात्री कोणी द्यावी? १८६० नंतर अमेरिकेंतील शहरांत या खेळाचें वेड वाढलें व हस्तिदंताचा भाव चढला. १८६३ सालीं फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्सचें साहित्य विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या पेढीनें हस्तिदंताला पर्याय शोधणारास दहा हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. ही घोषणा हत्तींच्या कळवळ्यानें झाली, असें पुढें पुष्कळांनीं रंगवून लिहिलें आहे. मला तें पटत नाहीं. व्यापाऱ्याला चिंता होती ती मालाची.

ऑल्बनी येथील जॉन वेस्ली हायट या तरुण मुद्रकानें तें आव्हान घेतलें. प्रथम त्यानें लांकडाचा लगदा व लाख यांचे गोळे करून पाहिले. मुद्रकांच्या हाताशीं त्या वेळीं कोलोडियनची बाटली असे. कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून, तो पदार्थ ईथर व मद्यार्क यांत विरघळविला म्हणजे कोलोडियन होतें. तें बोटांना फांसलें कीं कातडीवर पातळ कवच चढतें. एकदां ही बाटली कलंडून सांडलेला रस नखासारखा घट्ट झालेला हायटला दिसला, असें सांगतात. त्यानें आपल्या गोळ्यांवर त्याचा लेप चढविला. पण ज्या कापसाची बंदुकीची दारू होते, त्याच जातीचा हा लेप! पेटती चिरूट लागली तर चेंडू भडकून उठे, आणि दोन चेंडू जोरानें आपटले तर क्वचित् टिकलीसारखा बार होई. कोलोराडोंतील एका मद्यगृहाच्या मालकानें त्याला कळविलें कीं, मला स्वतःला या आवाजाची पर्वा नाहीं, परंतु तो झाला कीं खोलींतील एकूण एक माणूस पिस्तूल उपसतो. ही हकीकत हायटनें स्वतःच १९१४ सालीं पर्किन पदक स्वीकारतांना सांगितली.

येथें कापूर आला. बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सनें कापसापासून केलेला असाच एक पदार्थ १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनांत मांडला होता. परंतु त्याचा धंदा टिकला नाहीं. हायटनें कापूर मिसळून उष्णता व दाब यांखालीं तें मिश्रण मळलें, तेव्हां हवा तो आकार घेणारा आणि थंड होतांच टणक होणारा पदार्थ हातीं आला. १८७० सालीं त्यानें व त्याचा भाऊ आयझाया यांनीं त्याचें पेटंट घेतलें. हेंच सेल्युलॉइड. कापूर बहुतेक फॉर्मोसा बेटांतून येई, आणि १८९९ पासून त्यावर जपानी सरकारची मक्तेदारी बसली.

पण नुसतें सेल्युलॉइड हस्तिदंताहून हलकें. बिलियर्ड्सच्या चेंडूला वजन हवें. हायटच्या कारखान्यानें त्यांत गुरांच्या हाडांची भुकटी मिसळली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणांत हें स्पष्ट झालें आहे. हत्तीचा दांत सुटला तो बैलाच्या हाडावर! हायटला बक्षिसाची रक्कम मिळाल्याचा पुरावा नाहीं, आणि हस्तिदंती चेंडू पुढें कित्येक दशकें खेळांत राहिलेच.

या पदार्थाचा हलकेपणा, जो येथें दोष ठरला, तो दुसऱ्याच एका खेळाच्या कामीं आला. इंग्लंडांत जेवणानंतर टेबलावर टेनिस खेळण्याची टूम निघाली होती. परंतु रबराचा चेंडू फार उसळे व बुचाचा मुळींच उसळेना. १९०० च्या सुमारास जेम्स गिब या इंग्रज गृहस्थानें अमेरिकेंतून सेल्युलॉइडचे पोकळ चेंडू आणले. कातड्यानें मढविलेल्या फळीवर ते आपटतांच जो आवाज निघे, त्यावरून पिंगपाँग हें नांव रूढ झालें.

हा चेंडू करण्याची रीत मोठी नाजुक. सेल्युलॉइडच्या पातळ पत्र्यांतून वाटोळ्या चकत्या कापावयाच्या, त्या कोमट मद्यार्कांत मऊ करावयाच्या व सांच्यांत दाबून त्यांच्या वाट्या घडवावयाच्या. मग सारख्या जाडीच्या दोन वाट्या निवडून त्यांच्या कडा जोडावयाच्या, सांधा सुकूं द्यावयाचा, पुन्हां उष्णता व दाब देऊन गोलाई साधावयाची आणि शेवटीं घांसून पृष्ठभाग एकसारखा करावयाचा. परीक्षेसाठीं चेंडू उतरत्या कांचेवरून सोडीत. जो सरळ वाट सोडून बाजूस वळे तो खालच्या प्रतीचा. टेबलावर तीस सेंटिमीटरांवरून टाकला तर त्यानें सुमारें तेवीस सेंटिमीटर उसळावें, हा नियम टेबलाच्या परीक्षेचा. पण चेंडूचीहि त्यांत परीक्षा होतेच. आणि हें सारें अडीच ग्रॅम वजनांत!

या चेंडूचा आवाज खेळाडूच्या किती उपयोगी असतो, तें १९५२ सालीं मुंबईस दिसलें. जागतिक स्पर्धा आशियांत प्रथमच भरल्या होत्या. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची फळी घेऊन उतरला. स्पंजावर चेंडूचा आवाजच होईना. आवाजावरून फटक्याचा अदमास बांधणारे भलेभले गोंधळले, आणि सातो एकेरींत अजिंक्य ठरला.

आगीचें भय मात्र या पदार्थाला जन्मभर चिकटलें. मूकपटांच्या फितीहि याच जातीच्या; त्यांतल्या कितीतरी जळून गेल्या. चेंडूंचे कारखानेहि स्फोटक मालाजवळ बसून चालत, आणि विमानानें हा माल पाठविणें हा एक त्रासच होता. शेवटीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें २००० सालीं चेंडूचा व्यास ३८ वरून ४० मिलिमीटरांवर नेला, व जुलै २०१४ पासून सेल्युलॉइडरहित प्लॅस्टिकचे चेंडू स्पर्धांत आणले. खेळाडूंनीं कुरकूर केली: फिरकी कमी, आवाज निराळा, चेंडू लौकर तडकतो. तक्रारी सर्वस्वी खोट्या नव्हत्या. यांतील कांहीं चेंडूंना तर सांधाच नाहीं. कापराचा वास अर्थातच गेला. व्यास चाळिसाहून किंचित् अधिक असतो म्हणून या चेंडूवर ४० च्या आंकड्यापुढें अधिकाचें चिन्ह छापतात.